पिवळी संपली म्हणून काळं छापत नाही

आमच्या शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं काम केलेल्या बाईंना सगळे टाइपबाई म्हणत. टाइपरायटर जाऊन संगणक आला, तरी नाव तेच राहिलं. चण बारीक, आवाज खणखणीत. दाखल्यात एक वेलांटी चुकली तरी अख्खा कागद पुन्हा काढणार. "आपली दोन मिनिटं जातात, पोरांचं वर्ष जातं," म्हणायच्या. मी तिथे गणित शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी बसून डबा खायचे. त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

कचेरीत पूर्वी एक काळा-पांढरा लेझर प्रिंटर होता. आठ वर्षं त्याने कुरकुर केली नाही. मग कागदांवर काळे ठिपके उमटायला लागले. शाळेला सामान पुरवणारा विक्रेता आला, त्याने टोनर, म्हणजे काळी पूड भरलेली डबी, बदलून पाहिली. ठिपके जागच्या जागी. "मशीन गेली, सर," तो मुख्याध्यापकांना म्हणाला, आणि चार दिवसांत टेबलावर शाईवर चालणारा रंगीत प्रिंटर येऊन बसला.

"आपल्याला रंग कशाला हवेत?" टाइपबाईंनी विचारलं. "दाखले तर काळेच असतात."

मुख्याध्यापक हसले. "बाई, तुम्ही छापा. मशीनचं आम्ही बघतो."

ते हसणं बाईंना झोंबलं. पण त्यांनी गिळलं.

निकालानंतरच्या आठवड्यात एक आई खिडकीशी आली. लाँड्रीत इस्त्री करायची. हाताला वाफेचे चट्टे होते. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. नव्या शाळेत रोज बारा वाजेपर्यंतच प्रवेश देत होते, आणि मालकाने तिला मोजून एका तासाची सुट्टी दिली होती. बाईंनी चटचट दाखला टाइप केला आणि छपाईचं बटण दाबलं. कागद निघेना. पडद्यावर आलं, पिवळी शाई संपली, कार्ट्रिज बदला.

काळी शाई काठोकाठ होती. दाखल्यावर पिवळ्याचा टिपूसही नव्हता. तरी मशीन ढिम्म हलेना.

कपाटात विक्रेत्याने दिलेल्या तीन पिवळ्या कार्ट्रिज होत्या. बाईंनी एक बसवली. ती बसली, पण मशीन म्हणे, ही ओळखत नाही. बाईंनी चष्मा पुसून जुनीवरचा आणि नवीवरचा नंबर ताडून पाहिला. आकडे तेच, शेवटचं अक्षर वेगळं. तिन्हींचं तसंच, म्हणजे दुसऱ्याच मॉडेलच्या.

त्यांनी विक्रेत्याला फोन लावून सगळं सांगितलं.

"त्याला सगळे रंग लागतात, मॅडम," तो म्हणाला. "एक जरी संपला तरी थांबतो."

"अहो, पण मला काळं छापायचंय!"

"ते टेक्निकल असतं. तुम्हाला नाही कळायचं."

बाईंनी फोन आपटला. "मीठ संपलंय म्हणून चहा होणार नाही, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला दारात उभं करू का? आणि याला वर विचारायचं नाही!"

त्या आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा पाहिलं. "असू दे बाई, उद्या बघते," म्हणाली आणि गेली. बाईंनी बाहेरच्या दुकानातून दाखला छापून आणला, शिक्का मारला आणि संध्याकाळी स्वतः लाँड्रीत नेऊन दिला. पण जवळच्या त्या नव्या शाळेतली जागा बाराच्या आतच भरली होती. मुलीला दोन बस बदलून जावं लागेल अशा शाळेत जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी हे सांगताना बाईंचा आवाज थरथरत होता. मला आधी वाटलं रडतायत. रडत नव्हत्या. संतापल्या होत्या.

घरी त्यांचे धाकटे दीर शिलाई मशीन दुरुस्त करायचे. जेवताना बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, धागा तुटतोय म्हणून मी कुणाला मशीन भंगारात टाकायला सांगितलं, तर लोक जोड्याने मारतील मला. त्या जुन्याचं नक्की बिघडलंय काय, ते कुणी पाहिलं का?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

सकाळी बाईंनी ठिपकेवाले जुने कागद काढले. फुकट गेलेला कागद त्या पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात ठेवायच्या. माझ्याकडून पट्टी घेतली. पहिल्या ठिपक्यापासून दुसरा साडेनऊ सेंटिमीटर, दुसऱ्यापासून तिसराही तेवढाच. सहा कागद मोजले, तेच अंतर.

"आत काहीतरी गोल फिरतंय," बाई म्हणाल्या, "आणि दर फेरीला तोच डाग सोडतंय."

"परीघ साडेनऊ, म्हणजे व्यास तीन," मी म्हटलं.

आम्ही अडगळीच्या खोलीतून जुना प्रिंटर काढला. टोनरची डबी बाजूला केल्यावर मागे एक चकचकीत हिरवं लाटणं दिसलं. जाडी बरोबर तीन सेंटिमीटर, आणि त्यावर नखाएवढा ओरखडा. पुस्तिकेत त्याचं नाव होतं, ड्रम; पूड आधी याच्यावर बसते आणि मग कागदावर उतरते. काही प्रिंटरांत टोनर आणि ड्रम एकाच कार्ट्रिजमध्ये येतात, एक बदलला की दोन्ही बदलतात. आमच्यात ते वेगळे होते. आठ वर्षांत टोनर कितीदा तरी बदलला, ड्रमला कुणी हात लावला नव्हता.

विक्रेता त्याच दिवशी खडूचे खोके घेऊन मुख्याध्यापकांकडे आला होता. बाई ड्रम घेऊन तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या, मागून मी.

"टोनर बदललात, हा का नाही बदललात?"

"मॅडम, त्या मॉडेलचा आता मिळत नाही."

"मिळतो. सकाळी दोन दुकानांत विचारलंय. शेवटच्या अक्षरासकट नंबर वाचून दाखवलाय. परवा येतोय."

"बाई, जरा हळू," मुख्याध्यापक म्हणाले.

"इतकी वर्षं हळूच बोलले, सर. एका पोरीची शाळा गेली. पिवळ्या रंगापायी! यांना माहीत नव्हतं तर यांनी धंदा करू नये, आणि माहीत होतं तर..." विक्रेता खडूचे खोके मोजत राहिला.

ड्रम आला. पहिला कागद निघाला तो कोरीव अक्षरांचा, एक ठिपका नाही. मुख्याध्यापक येऊन बघून गेले. "बरं झालं, मशीन वाचवलीत."

"वाचवली कसली? ती मेलीच नव्हती. जिवंतपणीच पुरली होती."

माफी कुणी मागितली नाही. रंगीत प्रिंटर वर्गांतल्या तक्त्यांसाठी वरच्या मजल्यावर गेला. कार्ट्रिज मागवायची तर आधी टाइपबाईंची सही, असा मात्र नियम झाला. त्या खोकं उघडण्याआधी पूर्ण नंबर वाचायच्या, किती पानं निघतील ते बघायच्या, तारीख तपासायच्या. भरून दिलेली जुनी कार्ट्रिजही चालवून घ्यायच्या, पण देणाऱ्यासमोर दहा पानं छापून बघितल्यावरच.

विक्रेता अजूनही येतो. शाळेने त्याला बदललं नाही. टाइपबाई निवृत्त होईपर्यंत त्याला बसा न म्हणता उभ्यानेच पोचपावती करून द्यायच्या, आणि तो "बरंय ना मॅडम?" म्हणाला की खोक्यावरचा नंबर शेवटच्या अक्षरासकट मोठ्याने वाचून दाखवायच्या.