रविवारी वर्दळ शोधताना

परगावी गेलो की रविवार आमचा दोघांचा असे. पाहण्यासारखी स्थळं आठवडाभरात उरकायची आणि रविवारी तिथला सगळ्यात गजबजलेला भाग पायी हिंडायचा. तो शोधायचे हे. पिशव्या घेतलेल्या बायका कुठून येतायत ते बघायचे आणि निघायचे, मी मागून कुरकुरत. इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही, पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही.

गेल्या वर्षापासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. हे भाजी आणायला गेले ते तीन तासांनी शेजाऱ्यांनी घरी आणून सोडले. म्हणून कतारमध्ये दोह्याला मुलीकडे जायचं ठरलं तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं की तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. तिचं काँट्रॅक्ट संपत आलेलं, नवं मिळायची धडपड चाललेली. नुसती कुणकुण लागली असती तरी सगळं सोडून नाशिकला येऊन बसली असती.

बिन महमूद भागातल्या तिच्या फ्लॅटवर पहिला रविवार उजाडला आणि सात वाजायच्या आत घर रिकामं. आपला रविवार म्हणजे तिथला सोमवार, सुट्टी शुक्रवार-शनिवारची. मुलगी आदल्या दिवशीच म्हणाली होती, शुक्रवारी संध्याकाळी सगळे गाडीने बाजारात जाऊ, रविवारी दुपारी तुम्हाला तिथे कुत्रं दिसणार नाही. मी ऐकलं नाही. मला ह्यांची परीक्षा घ्यायची होती. अनोळखी शहरात यांनी पूर्वीसारखा गजबजलेला रस्ता शोधून दाखवला, तर डोकं शाबूत आहे आणि मी उगाच घाबरतेय, असं मी धरून चालणार होते.

अकरा वाजता निघालो. अल नस्र भागापर्यंत चालत अर्धा तास लागला. हे पुढे, मी मागे. ते डावीकडे वळले की माझ्या छातीत धडधड, उजवीकडे वळले की धडधड. हवा छान होती, पण माझा ब्लाऊज घामाने भिजला होता. रस्त्याला दुकानं होती, खानावळी होत्या, माणसं नव्हती. दुपारच्या सुट्टीसाठी एकेक शटर खाली येत होतं. ते थबकले, इकडे तिकडे पाहत राहिले. मी मनात म्हटलं, नापास.

मग मी एका किराणा दुकानात पाण्याची बाटली घ्यायला शिरले. दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. बाहेर आले तर हे नाहीत.

गर्दी असती तर गर्दीत हरवले म्हणून धीर धरला असता. इथे रस्ता टोकापर्यंत स्वच्छ दिसत होता आणि त्यात ते नव्हते. त्यांचा फोन माझ्याच पर्समध्ये वाजला. एका इमारतीच्या वॉचमनला मी हिंदीत विचारलं. त्याने शर्टाचा रंग विचारला. सकाळी मीच इस्त्री केलेला शर्ट, आणि मला रंग आठवेना. मी "अहो, अहो" करत कोपऱ्यापर्यंत धावत गेले आणि परत आले.

वॉचमन शांतपणे म्हणाला, "अम्मा, नाम लेके बुलाओ."

नाव मी उखाण्यातच घेतलेलं, तेही लाजत. परक्या देशाच्या रस्त्यावर उभं राहून मी ते आधी पुटपुटले, मग घसा ताणून ओरडले. तीनदा. स्वतःचाच आवाज ऐकून मला रडू आलं.

मागच्या गल्लीतून ओ आली. धावले. तिथे चहाचं एक टीचभर दुकान होतं आणि भोवती ही माणसं! गाड्या रांगेत उभ्या, हॉर्न वाजला की आतून चहाचे ग्लास गाडीपर्यंत जात होते, ड्रायव्हर मंडळी हसत होती, आणि मधोमध हे बसून कुणाला तरी नाशिकच्या द्राक्षांबद्दल सांगत होते. सगळ्या भागात जिवंत अशी ती एकच गल्ली होती आणि ती यांनी बरोब्बर हुडकली होती. मला इतका आनंद झाला की रागवायचंही सुचलं नाही.

मला पाहून ते उठले, कौतुकाने म्हणाले, "अगं, तू नाशिकहून कधी आलीस?"

मी त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने मुलीला फोन लावला. ती मीटिंगमधून बाहेर आली. मी सगळं सांगून टाकलं, भाजीचं, तीन तासांचं, आत्ताचं. हे लपवल्याबद्दल तिची माफी मागितली.

मग ती म्हणाली, "आई, परवा तू अंघोळीला गेली होतीस ना, तेव्हा मी बाबांना चहा दिला. त्यांनी मला विचारलं, तुमचं माहेर कुठलं. तू घाबरशील म्हणून मी तुला बोलले नाही."