वरातीतले चौकोन

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सांगलीत माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. नवा कंप्युटर घेतला होता आणि मला शिंगं फुटली होती. कॅसेटवर काम करणाऱ्या दोस्तांना मी न विचारता शिकवायचो. कंप्युटरवर चित्रण साठवायचे प्रकार दोन, एव्हीआय आणि एमपेग. कापाकापीला एव्हीआय चांगलं, हव्या त्या जागी कातरी लागते, पण मंगलाष्टका संपायच्या आत हार्डडिस्क भरते. एमपेग दाबून लहान करतं, आणि त्याची सीडी कुणाच्याही प्लेअरवर चालते. एमपेग मार कुठे खातं ते मी सांगत नसे, कारण मलाच नीट ठाऊक नव्हतं.

कडेगावच्या एका निवृत्त हवालदारांच्या मुलाचं लग्न आलं. मुलगाही फौजेतच. हवालदार म्हणजे ताठ माणूस, हसले तरी गावात बातमी व्हायची. पण वरातीत ते बँडपुढे हात वर करून नाचले. कॅसेटवर ते झकास आलं होतं.

आहेर मात्र लांबला. आहेर करणारा एक जरी कापला तरी भाऊबंद वर्षभर बोलत नाहीत, म्हणून तो अख्खा ठेवला. हवालदार म्हणत होते, दोन सीड्या करा. एकीतच बसवतो, असं मी ऐटीत सांगितलं आणि सगळं आणखी दाबलं. तपासताना आहेर तेवढा बघितला. उभी माणसं छान दिसत होती. मग नेहमीप्रमाणे मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

वर्ष-दीड वर्षात हवालदार अचानक गेले. मुलगा सीमेवर, म्हणून सूनच तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन सीडीसकट दुकानात आली. वरात तेवढी साफ करून द्या म्हणाली. मी सीडी लावली. जे जे हललं होतं ते सगळं फुटलं होतं. नाचणाऱ्या माणसांच्या जागी रंगीत चौकोन सरकत होते. मूळ कॅसेट पुसली, हे सांगताना माझी मान वर होईना.

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. आहेरात सासरे स्वच्छ दिसतात, पण ते नेहमीचेच, असं ती म्हणाली. मग बाळाकडे बघत बोलली, "आवं दादा, आजा नाचला हुता म्हणून सांगितलं तर ह्याला मोठेपणी पटायचं न्हाई. ह्याला दावताना बोट कुठं ठिवू, तेवढं सांगा."

मी चित्र थांबवलं. उजवीकडच्या गुलाबी चौकोनांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "हा त्यांचा फेटा."

तिने बाळाचा हात धरून काचेवर तिथेच टेकवला.

त्या वरातीत गुलाबी फेटा झाडून सगळ्यांनी बांधला होता. ते हवालदार होते की दुसरं कुणी, मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही माहीत नाही.