बंद फाटकापुढचा रेडा

पुण्यातली नोकरी सोडून मी नालवाडीला, सासरी बसून मोबाइलचा गेम बनवत होते. गेममध्ये एक रेडा बिनबोलावता लग्नाला जातो आणि पंगतीत बसून जेवतो. एवढंच. माझ्या शिक्षणाचं चीज झालं, असं माहेरी सगळ्यांना वाटलं. नवऱ्याशी ठरलं होतं की दिवाळीपर्यंत एक जरी माणूस मनापासून खेळताना दिसला नाही, तर रेड्याला रामराम करून सावंगीला मिळणारी नोकरी धरायची.

आमच्याकडे सुनेच्या हातचं काहीही खाल्लं की आधी 'मस्त' म्हणतात आणि मग पाणी मागतात. गेमलाही तोच न्याय मिळाला. मी दर आठवड्याला अपडेट टाकायची आणि घरच्या ग्रुपवर अंगठे उगवायचे. एका अपडेटमध्ये बुंदीला चमक आणली, दुसऱ्यात रेड्याच्या रवंथाचा आवाज सुधारला. नाचणगावच्या आत्यासासूबाईंनी तर पंगतीचा सीन एक नंबर असल्याचं कळवलं. इतके जाणकार रसिक एकाच कुटुंबात निपजले, हे माझं भाग्यच. पण त्यातलं खरंच कोण खेळतंय ते कळत नव्हतं, आणि दिवाळी तोंडावर आली होती.

एका दुपारी मी सासऱ्यांना चहा द्यायला गेले. ते मोबाइलवर वाकून बसले होते. त्यांचा रेडा मंगल कार्यालयाच्या फाटकाशी उभा. त्यांनी फाटक ढकललं, हललं नाही. परत ढकललं. मी मोबाइल हातात घेऊन पाहिला. बुंदी चमकवायच्या आधीच्याच एका अपडेटमध्ये मी ते फाटक बंद करून बसले होते. स्वतः तपासताना मी थेट पंगतीपासूनच सुरू करायची, त्यामुळे मला पत्ताच नाही. म्हणजे त्या अपडेटनंतर आत कुणी गेलंच नव्हतं. आत्यासासूबाईसुद्धा नाही.

मला रडूच आलं. "बाबा, काऊन सांगतलं नाई?" मी विचारलं.

ते ओशाळले. म्हणाले, नवीन अपडेट आलं की ते पहिल्यापासून खेळायचे आणि फाटकाशी येऊन अडकायचे. "मले वाटलं, माह्याच बोटात जोर नाई. बाकी सगळे तर जेवून आले. मीच बाहेर राह्यलो."

संध्याकाळी फाटक उघडणारं अपडेट टाकलं आणि नवऱ्याला सांगितलं, सावंगीला जात नाही, खेळणारा सापडला.