तोर्फीचा थोरला

तोर्फीला बोलतं करायचं असेल तर त्याला गरम पाण्यात बसवावं. आमच्या हुसाविक गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याची कुंडं आहेत. सकाळी सात वाजता निम्मं गाव तिथं गळ्यापर्यंत बुडून जगाचा न्यायनिवाडा करत असतं आणि देवमाशांचं खातं तोर्फीकडे असतं. निळ्या देवमाशाचं काळीज केवढं, कुबड्या देवमासा शेपटीवरून कसा ओळखायचा, कोण कुणाचं पिल्लू, सगळं त्याला पाठ. वाफेत त्याची लोकरी टोपी तेवढी दिसते आणि खालून आवाज येत राहतो. टोपी तो कुंडातही काढत नाही.

तोर्फीचं वय सदुसष्ट. चाळीस वर्षं त्यानं कॉड मासा पकडला आणि गेली नऊ वर्षं तो ‘आल्दा’ या ओकच्या लाकडाच्या जुन्या बोटीवर कॅप्टन आहे. पर्यटकांना देवमासे दाखवून आणायचे, दिवसाला तीन फेऱ्या. मी स्वाला, त्याच बोटीवरची गाइड. मी बोलते, तो बोट चालवतो. लग्नाच्या नवऱ्याशी माझं इतकं जमलं नाही.

आमची मालकीण दाग्नी ही तोर्फीची पुतणी. बोटी तिच्या, पण ती असते धक्क्यावरच्या ऑफिसात. समुद्रावर तिनं शाळकरी वयानंतर पाऊल ठेवलेलं नाही. या जुलैत तिनं ठरवलं की लहान बोटींवर कॅप्टननंच माहिती सांगायची आणि मला मोठ्या बोटीवर घ्यायचं. कुंडात तोर्फीची व्याख्यानं ऐकून तिला वाटलं, याच्यासारखा बोलका माणूस शोधून सापडणार नाही. त्याला नाहीच जमलं, तर तो तिकिटाच्या खिडकीत बसेल आणि आल्दावर अकुरेरी शहरातला एक तरुण कॅप्टन येईल. हे तिनं त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवशी कुंडात तोर्फी नुसता सुकट माशाला लोणी लावून चघळत बसला. सुकाणू गेलं तर हा माणूस वाळून जाईल हे मला दिसत होतं, पण मला विचारतंय कोण.

तोर्फीच्या या परीक्षेची तारीख पुढच्या सोमवारची होती. पण गुरुवारी सकाळी मी उठले तर घसा ठार बसलेला. दाग्नीला आनंदच झाला.

“मग आजच होऊन जाऊ दे. तोर्फीकाका, माईक तुझा.”

मी कागदावर लिहून दाखवलं, ‘त्याला समुद्रावर नाही जमणार.’

“तुझी नोकरी कुठं जात नाही गं,” ती माझी पाठ थोपटत म्हणाली. “जळू नकोस.”

मला माहीत असलेली गोष्ट तिला माहीत नव्हती. म्हणजे माहीत होती, पण विसरली होती. जमिनीवर देवमाशावर तासभर बोलणारा तोर्फी एकदा बोट धक्क्यापासून सुटली की ‘देवमासा’ हा शब्दच उच्चारत नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही. समुद्रावर देवमाशाचं नाव घेतलं की तो येतो आणि बोटीखालून येतो, असं जुने कोळी म्हणत. म्हणून तोर्फी त्याला म्हणतो ‘थोरला’. देवमासे दाखवणाऱ्या बोटीच्या कॅप्टनला देवमाशाचं नाव वर्ज्य, म्हणजे हलवायानं साखरेचं नाव न घेण्यातली गत. मी बोलत होते तोवर झाकली मूठ होती.

नऊची फेरी सुटली. तोर्फीनं माईक जिवंत खेकड्यासारखा दोन बोटांत धरला.

“मी तोर्फी. पाणी पाच अंश आहे. पडू नका.”

नंतर वीस मिनिटं काही नाही. मग कॉडचा भाव, शेजाऱ्याची चुकार मेंढी, वाऱ्याची लक्षणं. मग एकदम म्हणाला, “थोरला सकाळी या अंगाला असतो. जेवायला येतो. एकदा खाली गेला की सात-आठ मिनिटं वर येत नाही. म्हातारा झालाय, पण तब्येत उत्तम.”

एक जर्मन बाई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, “तुमच्या कॅप्टनचे थोरले भाऊ पाणबुडे आहेत का?”

मला आवाज नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली, तो त्यांनी होकार समजला. नंतर एक कुबड्या देवमासा अगदी जवळ उसळला, सगळे नाचायला लागले, तरी त्या बिचाऱ्या लाटांमध्ये भाऊच शोधत होत्या.

एकच्या फेरीत हीच तऱ्हा. कोको आणि दालचिनीचे रोल वाटता वाटता मी खुणा करून लोकांना समजावत होते. हात पसरून आकार दाखवला तर एका गृहस्थांना वाटलं, आणखी रोल हवेत का विचारतेय. परत आल्यावर कुणीतरी ऑफिसात तक्रार लिहून ठेवली, ‘कॅप्टन देवमाशाविषयी एक शब्द बोलले नाहीत. भावाविषयी मात्र फार बोलले.’

पाचच्या फेरीला दाग्नी स्वतः समुद्रावरचा ऊबदार नारिंगी सूट चढवून बोटीवर हजर. चोवीस प्रवासी होते. ऊन लख्ख, वारा पडलेला, समुद्र ताटात घालून ठेवल्यासारखा सपाट. आणि थोरल्याचा पत्ता नाही. तासभर झाला, लोक फोनमध्ये डोकं घालून बसले. दाग्नी सुकाणूच्या खोलीत आली. मी तिथंच किटली धरून उभी होते.

“काका, लोक कंटाळलेत. ते जे बघायला आलेत, त्याविषयी काहीतरी सांग ना.”

“थोरल्याविषयी सांगितलं मघाशी.”

“थोरला नाही, देव—” ती अडखळली, खोकली. “त्याला नाव आहे ना? ते घे. चार वाक्यं बोल, मी तुझं सुकाणू काढून घेत नाही. मला काय हौस आहे?”

“माझा बाप, म्हणजे तुझा आजोबा, समुद्रावर नाव घेणाऱ्याला दिवसभर उपाशी ठेवायचा.”

“आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली. आणि नाव घेतल्यावर येत असेल तर बरंच की. आपण त्यालाच तर शोधतोय. बोलाव.”

तोर्फीनं टोपी काढली. त्याला पुरतं टक्कल आहे हे मला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

“पोरी, एकटा असतो तर तुझ्यासाठी घेतलं असतं,” तो म्हणाला. “बाहेर चोवीस माणसं आहेत. त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही. खोटं असेल, म्हातारचळ असेल, मलाही कळतं. पण यांना बोटीवर घेऊन मी त्याला हाक मारणार नाही. तू मला खिडकीत बसव.”

सबंध आयुष्यात या माणसाला समुद्राखेरीज काही मागताना मी पाहिलं नव्हतं, आणि तेही तो परत करत होता.

“हट्टी आहेस,” दाग्नी म्हणाली. रागानं तिचे कान लाल झाले होते. “आण तो माईक. बघ, काही होत नसतं.”

तिनं बटण दाबलं.

“मंडळी, मी दाग्नी. आज आपण इथं जे बघायला आलोय, तो...”

ती थांबली. काचेतून पुढचा डेक दिसत होता. काठी टेकत आलेल्या एक आजी होत्या. एका बापानं पोरीला खांद्यावर घेतलं होतं आणि पोरीनं त्याचे कान धरले होते. सगळे मान वळवून कर्ण्याकडे बघत होते. कर्ण्यातून नुसती खरखर येत राहिली.

“...तो थोरला,” दाग्नी म्हणाली, “अजून आलेला नाही. थोडा धीर धरू या.”

तिनं माईक हुकाला अडकवला आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेली. तोर्फीनं टोपी घातली.

साडेसहाच्या सुमाराला थोरला आला. कुणी न बोलावता, चांगला शंभर हात लांब. दोनदा शेपूट दाखवून गेला. खांद्यावरच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या, आजींनी डोळे पुसले, तक्रारीला जागा उरली नाही.

धक्क्यावर दोर बांधता बांधता दाग्नी तोर्फीला म्हणाली, “खिडकीसाठी मी दुसरं माणूस बघते. आणि थोरला म्हणजे कोण, ते तिकिटाच्या मागं छापून टाकते.”

“छाप,” तोर्फी म्हणाला. “जमिनीवर छापायला हरकत नाही.”

तो इंजिन बघायला खाली गेला. दाग्नी सूटची चेन ओढत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी भुवया उंचावून तिच्याकडे बघितलं. आवाज असता तर चांगलं फैलावर घेतलं असतं.

“बघू नकोस अशी,” ती म्हणाली. “चोवीस माणसं होती गं बोटीवर. माझ्याच्यानं नाव नाही घेववलं.”