बाद होण्याचा मान

मुलांची वाढती वजने पाहून समोरच्या शाळेने डब्यातले वेफर्स बंद केले आणि शेवटचा तास खेळाला दिला. तो मी गॅलरीतून पाहतो. शेजारची स्थूल सई लंगडीत नेहमी लिंबूटिंबू असे. तिला शिवले तरी कोणी बाद धरत नसे. आज ती कडाडली, "मी लिंबूटिंबू नाही! मला खरंखरं पकडा!"

"मग धाप लागली की रडशील!" एक मुलगा म्हणाला.

"रडेन. पण खेळेन!"

ती धावली, तिने चक्क हुलकावणी दिली आणि अखेर सापडली.

"सई बाद!" सगळे ओरडले.

आपण दया दाखवतो आणि मूल खेळाबाहेरच राहते. सई मात्र दोन्ही हात उंचावून, उड्या मारीत मैदानाबाहेर आली. माझ्या टाळ्यांचा आवाज मलाच मोठा वाटला.