टॅम्पिनीसच्या कॉरिडॉरमधला स्नोबोर्ड

बोर्डाची कड बर्फात रुतवून वळायचं तर प्लास्टिकचे हार्ड बूटच हवेत, मऊ बूट नकोत, असा माझा हट्ट होता. जपानला जाण्याआधी घरी सराव करायचा होता, कारण या बोर्डाच्या क्लिपा माणूस पडला तरी आपोआप सुटत नाहीत. हाताने उघडाव्या लागतात. पण पुण्याहून आलेली आई नव्याकोऱ्या बुटांनाही घरात पाय ठेवू देईना. म्हणून इथे परदेशात, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये, हेल्मेट घालून मी दोन्ही पाय बोर्डाला अडकवले, जरा वळायला गेलो आणि शू-रॅक आणि भिंतीच्या मध्ये आडवा झालो. घोटा वाकेना, हात क्लिपेपर्यंत पोचेना. घामाने निथळत मी ओरडलो, "आई, बाहेर ये, ही क्लिप उघड!"

आई लोखंडी गेटच्या आतून म्हणाली, "कशी येऊ? कुलूप लावलंयस ना."

लावलं होतं. ऑफिसला जाताना रोज लावायचो, तिच्याच सुरक्षिततेसाठी. आजही सवयीने लावलं गेलं. किल्ली रॅकच्या वरच्या फळीवर होती.

तिने स्टूल ओढलं आणि गेटपाशी टेकली. "ओरडू नकोस. सूनबाई येईल संध्याकाळी, ती उघडेल. मी रोज अशीच बसते."