विहीणबाई ज्वालामुखी बघायला येतात

सेवास्ती बस चालवायला शिकली ती ज्वालामुखीच्या पोटात. ग्रीसमधल्या निसिरोस बेटावर सपाट म्हणावी अशी जमीन तेवढीच. बाकी सगळा चढ, नाहीतर उतार. त्यामुळे बेटावरचा प्रत्येक माणूस गाडी शिकतो तो तिथेच, गंधकाच्या वासात, वाफा सोडणाऱ्या विवरापासून हाकेच्या अंतरावर. बाकीचे अठराव्या वर्षी शिकतात, सेवास्ती एकोणचाळिसाव्या वर्षी शिकली. नवरा, सिदेरिस, अचानक गेला. त्याची बस दाराशी उभी होती, आणि मुलगी सहा वर्षांची होती. शिकवायला आलेला दीर घाबरून ओरडला, "वहिनी, ब्रेक दाबा, आत पडाल!"

"पडले तर शिजून निघेन," सेवास्ती म्हणाली. "तुमच्या जेवणाची सोय होईल."

त्याला आता एकवीस वर्षं झाली. रोज साडेदहाला शेजारच्या कोस बेटावरून बोट येते. सेवास्ती माणसं बसमध्ये भरते, विवर दाखवते, वरच्या गावात फिरवते, खाली आणून जेवायला सोडते आणि चारच्या बोटीत चढवून देते. एका दिवसात बेट उरकणाऱ्या या लोकांना ती 'माझी कोकरं' म्हणते. कुणाला उलटी झाली तर लिंबू देते. उन्हात कुणी बोडक्या डोक्याने निघालं तर सिदेरिसची जुनी टोपी त्याच्या डोक्यावर बसवते आणि परत घ्यायला विसरत नाही.

सप्टेंबरातल्या त्या गुरुवारी कोकरांच्या घोळक्यात काळा रुमाल बांधलेली एक बाई उतरली. उंच, हाडापेराने मजबूत, हातात स्वतः वळलेल्या शेवयांची पिशवी. या अस्तेरोबाई, स्तेर्योच्या आई. राहणार पार मुख्य भूमीवरच्या थेसालीच्या मैदानातलं एक खेडं, जिथे उंच म्हणून फक्त देवळाचा मनोरा. स्तेर्यो चार वर्षांपूर्वी इथल्या शाळेत मास्तर म्हणून आला आणि सेवास्तीच्या नोमिकीच्या प्रेमात पडला. लग्न ठरलं होतं, पण अस्तेरोबाईंनी होकार दिला नव्हता. ज्वालामुखीवर मी एक रात्रही काढणार नाही, दिवसाउजेडी येऊन बघते, असं त्यांनी कळवलं होतं. बदलीचे अर्ज शनिवारपर्यंत द्यायचे होते. आईचं मन मोडून मी इथे राहणार नाही, असं स्तेर्योने नोमिकीला सांगून टाकलं होतं. म्हणजे त्या एका दिवसात विहीणबाई खूश झाल्या तर मुलगी बेटावर, नाहीतर नवऱ्यामागून थेसालीला.

"या, विहीणबाई, पुढे बसा," सेवास्ती म्हणाली. तिने ड्रायव्हरशेजारच्या सीटवर भरतकामाची उशी ठेवली होती.

"बस तुम्ही चालवता?"

"दुसरं कोण चालवणार?"

अस्तेरोबाईंनी छातीवर क्रूस काढला आणि वर पोचेपर्यंत डोळे मिटून घेतले.

विवरापाशी बस थांबली. पिवळी पांढरी माती, जागोजागी फुसफुसणारी भोकं. आणि तिथे सेवास्तीच्या हातून घात झाला. एकवीस वर्षं ती बसच्या पायरीवर उभी राहून तेच बोलत आली होती. तोंड उघडलं आणि ते आपोआप बाहेर पडलं, सवयीप्रमाणे तीन भाषांत, त्यातली पहिली ग्रीक. "माझ्या कोकरांनो, खाली राक्षस झोपलाय. समुद्राच्या देवाने त्याच्या अंगावर हे बेट फेकलं. हळू चाला. त्याने कूस बदलली तर परतीच्या तिकिटाची गरज पडणार नाही!"

कोकरं हसली. सेवास्तीही हसली. मग तिने वळून बघितलं. अस्तेरोबाईंचा चेहरा शेवयांच्या पिशवीसारखा पांढरा पडला होता.

"अहो, ती गंमत आहे. पाहुण्यांसाठी."

"माझा एकुलता एक मुलगा आहे इथे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला गंमत सुचते?"

त्या बसमधून उतरल्याच नाहीत. वरच्या गावातही नाहीत. सेवास्तीने बदामाचं सरबत आणून दिलं, ते त्यांनी मांडीवर तसंच धरून ठेवलं. उतारावर सेवास्ती एकदा म्हणाली, "माझ्या आजीच्या आजीपासून कुणाला काही झालेलं नाही." त्यावर उत्तर आलं, "आमच्याकडे जमीन गप्प बसते." 

एक वाजता कोकरांना खानावळींत सोडून सेवास्ती विहीणबाईंना घरी घेऊन गेली. हरभऱ्याची भजी, टोमॅटो घालून शिजवलेलं बोकडाचं मटण, केपरच्या झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या. अस्तेरोबाई जेवल्या, कारण अन्नावर राग काढायचा नसतो एवढं त्यांनाही कळत होतं. मग हात पुसत त्या उठल्या आणि घर बघू लागल्या. निळी दारं, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, नवा पलंग, कपाटाला किल्ली लावलेली.

"मोठं घर आहे," त्या कोरडेपणाने म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या खोलीत असता?"

"मी? मागे."

"मागे कुठे?"

हे काय दाखवायचं, असं सेवास्तीला वाटलं, पण तिने अंगणातलं दार उघडलं. पावाच्या भट्टीला लागून एक खोली, आठवड्यापूर्वी चुना मारलेली. एक खाट, एक खुर्ची, देवाची तसबीर, सिदेरिसचा फोटो, खिळ्याला बसची किल्ली.

अस्तेरोबाई उंबऱ्यातच थांबल्या. "तुम्हाला इथे कुणी घातलं?"

"म्हणजे?"

"माझ्या मुलाने? स्तेर्योने तुम्हाला घराबाहेर काढलं?" त्यांचा आवाज चढला. "मी त्याला असं वाढवलेलं नाही! येऊ दे त्याला, कान धरते!"

सेवास्तीला आधी काही समजेचना. समजलं तेव्हा ती खुर्चीत बसून पोट धरून हसली. "अहो, घर नोमिकीचं आहे! मुलीचं लग्न ठरलं की आई मागे जाते. माझी आई गेली, तिची आई गेली. याच खाटेवर. तुमच्याकडे नाही जात?"

"आमच्याकडे?" अस्तेरोबाई हळूहळू खाटेच्या कडेवर टेकल्या. "आमच्याकडे सून येते आणि सासू बसलेली असते. मी बावीस वर्षं कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला बघितली. साखर हवी तर विचारायचं. पाव कापायचा तर विचारायचं." त्यांनी खाटेवरची चादर सरळ केली. "मला वाटलं, माझा मुलगा घरजावई होणार. तुमच्या घरात तुम्हाला विचारून पाणी पिणार. राक्षसाचं मेलं काय घेऊन बसलात, मला भीती तुमची होती."

"माझी!"

"एवढी मोठी बस चालवता. एवढी माणसं तुमचं ऐकतात. मास्तर तो, गरीब स्वभावाचा."

 हे विहीणबाईंना आधी कळवायला हवं होतं, असं सेवास्तीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घर मुलीचं, हे कुणी कुणाला सांगतं का?

शाळा सुटल्यावर स्तेर्यो आणि नोमिकी घाबरत घाबरत अंगणात आले, तेव्हा दोघी आया खाटेवर शेजारी बसून उरलेली भजी खात होत्या.

"स्तेर्यो, चार वर्षांत फोनवर मला इथल्या हवेशिवाय काही सांगितलंस का?" अस्तेरोबाई कडाडल्या. "बाई तुमच्यासाठी कोठीत राहायला गेली. कळलं तरी का तुला?"

"आई, इथे असंच असतं."

"तुला विचारलं नाही. बदलीबिदलीचं राहू दे. आणि या खिडकीला पडदा का नाही?"

नोमिकीने दाराची चौकट घट्ट धरली आणि आईकडे बघितलं. सेवास्तीने डोळ्यांनीच खुणावलं, गप्प राहा, उगाच बोलू नकोस.

"पूर्वेची खिडकी, पहाटे डोळ्यांवर ऊन येत असणार," अस्तेरोबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा काळा रुमाल सोडला आणि खिडकीवर आडवा धरून रुंदीच्या मापाला त्याला गाठ मारली. "घरी माग आहे. जाड विणून देते, लोकरीचा."

"अहो, मी पहाटे उठतेच," सेवास्ती म्हणाली.

"आता जावई आलाय. त्याला उठू दे."

चारला पाच मिनिटं कमी असताना सेवास्तीने कोकरं मोजली, टोपी परत घेतली आणि सगळ्यांना बोटीत चढवलं. दोर सुटला. बोट हातभर लांब गेली तशा अस्तेरोबाई गर्दीतून वाट काढत कठड्याशी आल्या. गाठ मारलेला रुमाल हातात, पांढरे केस वाऱ्यावर.

"विहीणबाई! खिडकीची उंची घ्यायची राहिली!"

सेवास्तीने धक्क्यावर उभं राहून हात वर केला. "माझ्या कमरेपासून डोक्याच्या वर एक वीत!"

"तुमच्या कमरेवर माझा भरवसा नाही!"

"मग या मोजायला!"

"नाताळात येते!"

"नाताळात समुद्र खवळलेला असतो!"

अस्तेरोबाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले. "मग आधी येते!"